बहिरी होते, वेडी नव्हते

मी, पुष्पावती सहादेव वाकचौरे, वय चौऱ्याहत्तर पूर्ण, टेलिफोन खात्यातली निवृत्त ऑपरेटर, राहणार सावेडी, अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, निळ्या शाईत, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर कुणाच्या वागण्यावरून लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हे वाक्य अशा कागदात सगळेच लिहितात आणि कुणी ते वाचत नाही. माझ्या बाबतीत ते वाचावं, कारण पुण्यातल्या एका दवाखान्याच्या फाइलमध्ये नेमकं याच्या उलट लिहिलेलं आहे आणि ती फाइल माझा मुलगा सुनील याने जपून ठेवली आहे. ती फाइल खोटी आहे. ते आधी सांगते. वाटणी नंतर.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी माझ्या नावाने दुसरा कागद पुढे केला, तर तो माझा नाही.

१. माझा जन्म सोनईचा. वडिलांचा हट्ट होता की मुलीला इंग्रजी यावं, म्हणून सातव्या वर्षी मला नगरच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात ठेवलं. त्या इंग्रजीवर मी बाहत्तर साली टेलिफोन खात्यात लागले. डोक्यावर हेडसेट, समोर बोर्ड, एका ट्रंक कॉलवर मुंबईचा अडत्या आणि मागे कारखान्याचे चेअरमन खोळंबलेले. एकोणचाळीस वर्षं मी लोकांचं ऐकलं आणि ऐकलेलं कधी बाहेर काढलं नाही. कान गेले तेही याच नोकरीत. पावसाळ्यात वीज पडली की लाइनवरून कानात खाडकन आवाज यायचा. साहेब म्हणायचे, सवय होईल. तशी ती झाली.

खात्याची मी आरती करत नाही. एका फोनसाठी आम्ही लोकांना आठ-नऊ वर्षं थांबवलं आणि वर मिजास केली. खाजगी कंपन्या आल्या तेव्हा मला बरं वाटलं. स्पर्धेने गिऱ्हाइकाचं भलं होतं, हे मी साहेबांच्या तोंडावर म्हटलेलं आहे. आज म्हणणार नाही. आमच्या जिल्ह्यात कुस्ती कळते. दोघे लढतात, एक चीत होतो, लोक फेटे उडवतात. एका पैलवानाने दुसऱ्याला विकत घ्यायचं आणि त्याच्या तालमीला कुलूप ठोकायचं, याला आमच्याकडे कुस्ती म्हणत नाहीत.

२. माझ्या कानांत दोन यंत्रं आहेत. परदेशी कंपनीची, चार वर्षांपूर्वी घेतलेली, उत्तम. आवाज कमी-जास्त करायचा तो मोबाईलमधल्या त्यांच्या अ‍ॅपवरून. यंत्रावर बटण नाही. बटण असलं की वस्तू जुनी दिसते म्हणे.

गेल्या फेब्रुवारीत माझा भाऊ बिभीषण याच्या मुलाची हळद होती, सोनईला. डीजे असा की कपाटातली भांडी नाचत होती. मी अ‍ॅप उघडून दोन्ही यंत्रांचा आवाज अगदी तळाला नेला आणि सुखाने बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज वाढवायला गेले, तर फोनने माझ्या परवानगीवाचून स्वतःला नवं करून घेतलेलं. अ‍ॅपवर एकच वाक्य होतं: हे उत्पादन आता आमच्या सेवेत नाही. माझ्या कंपनीला तिच्याहून मोठ्या कंपनीने महिनाभरापूर्वी विकत घेतलं होतं. नवं अ‍ॅप फक्त नव्या यंत्रांशी बोलतं. माझी यंत्रं धडधाकट होती, फक्त हळदीच्या रात्री जिथे ठेवली तिथेच अडकली. डीजे थांबला तरी माझ्यासाठी जग तेवढंच हळू राहिलं.

मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की जुनी यंत्रं जमा केल्यास नव्यावर दहा टक्के सूट, आणि काही शंका असल्यास या नंबरवर फोन करावा. बहिरीला. एका वस्तूचे पैसे मी एकदाच देते. मी नवी घेतली नाहीत.

सुनीलला मी तो संदेश दाखवला होता. सुनील पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्यांचं अ‍ॅप कोणत्या जुन्या फोनवर बंद करायचं, हे ठरवणाऱ्या गटाचा तो प्रमुख आहे. त्याने वाचून फोन परत दिला आणि मोठ्याने, माझ्या तोंडासमोर येऊन सांगितलं, "आई, असंच असतं. दोन टक्के लोकांसाठी जुनं कोण सांभाळत बसणार?"

एक चूक माझीही आहे, ती लिहिते. मला किती कमी ऐकू येतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. जन्मभर मी लोकांना "मोठ्याने बोला" म्हटलं. आता तेच माझ्यासाठी म्हणायचं मला जिवावर आलं. म्हणून मी मान हलवत राहिले. कुणी काही विचारलं की हसायचं आणि मान हलवायची. सात महिने मी अशी काढली.

३. ऑगस्टमध्ये सुनील मला पुण्याच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघून प्रश्न विचारत होते. मी मान हलवली. मग त्यांनी एक कागद दिला, त्यावर घड्याळ काढायला सांगितलं असावं. मला वाटलं सही करायची, मी सही केली. सुनील शेजारच्या खुर्चीत बसला होता. यंत्रं बसवताना तो सोबत होता. ती अडकल्याचं त्याला माहीत होतं. "हिला ऐकू येत नाही" हे चार शब्द तो बोलला नाही. फाइलमध्ये लिहिलं गेलं: स्मृतिभ्रंश, मध्यम. तिची एक प्रत मी नंतर दवाखान्यातून मागवून घेतली.

४. मोनिका बन्सी साळवे हिचं पाइपलाइन रोडला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिचे वडील बन्सी माझ्याच खात्यात लाइनमन होते, खांबावर चढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सप्टेंबरात मी फोनची काच बदलायला गेले. मोनिका काहीतरी बोलली, मी मान हलवली. ती पुन्हा बोलली, मी पुन्हा हलवली. तेव्हा तिने बिलाच्या पाठीवर लिहून माझ्यापुढे सरकवलं: काकू, तुम्हाला ऐकू येत नाहीये ना?

सात महिन्यांत हे विचारणारी ती पहिली.

मोनिकाच्या दुकानाचा एक नियम आहे. मेलेला फोन ती फेकत नाही. बिस्किटांच्या डब्यांत सालवार ठेवते, आणि त्यातला एकही कधी नवा करून घेत नाही. पंधरा दिवस तिने ते डबे उपसले. एका तडकलेल्या फोनमध्ये माझ्या यंत्रांचं जुनं अ‍ॅप जसंच्या तसं होतं. तिने तो फोन उठवला, यंत्रांशी जुळवला आणि बोट वर सरकवलं. बाहेरून रिक्षा गेली, ती मला ऐकू आली.

"काकू, ह्या फोनला इंटरनेट दाखवायचं नाही," ती म्हणाली. "सिम नाही, वायफाय नाही. बिनलग्नाच्या पोरीला जपतात तसा जपायचा."

"बिनलग्नाची तूच आहेस. तुला कुणी जपलं?"

"म्हणून तर दुकान टाकलं."

घरी आले तेव्हा कामाला येणारी छबूबाई भांडी घासत होती. पाठमोरीच पुटपुटली, "आली म्हातारी. आता च्या टाका." मी म्हटलं, "म्हातारी असेल तुझी सासू." तिच्या हातातलं पातेलं मोरीत पडलं.

५. दिवाळीला सुनील आणि सूनबाई रुपाली आले. जेवताना सांगायचं मी ठरवलं होतं. यंत्रं चालू झाल्याचं सुनीलला कळावं, त्याला बरं वाटावं, असा माझा बेत होता. मी त्यांच्याकडे पाठ करून करंज्या तळत होते.

रुपाली म्हणाली, "आईंसमोर नको ना."

सुनील म्हणाला, "अगं, तिला काय ऐकू येतंय."

हे वाक्य मी इथे मुद्दाम शब्दाला शब्द लिहिते. कोर्टात कुणी फाइल दाखवली तर हे वाक्य दाखवावं. मला ऐकू येत नाही, हे त्याला माहीत होतं. तरी मला कळत नाही, असं त्याने लिहून घेतलं.

पुढे तो म्हणाला, "फाइल झालीय. कोर्टातून पालक म्हणून माझं नाव लागलं की घराचा व्यवहार करता येतो. मोबाईलच्या शोरूमवाल्यांनी जागा बघितलीय, रोडटच आहे."

"आणि आई?"

"पुण्याला ठेवू."

"ठेवू म्हणजे आपल्याकडे, की त्या संस्थेत?"

"बघू."

त्या "बघू"च्या वेळी माझा तिसरा घाणा कढईत होता. एकही करंजी करपली नाही. पानात वाढल्या, दोघांनी वाखाणल्या, मी मान हलवली. लाइनवर ऐकलेलं लाइनवर बोलायचं नाही, ही खात्याची शिस्त. मी ते या कागदावर बोलत आहे.

६. वाटणी.

(क) सोनईची तीस गुंठे जमीन, वडिलांकडून आलेली, माझा भाऊ बिभीषण याला. फाइलचं ऐकून तो एसटीने आला आणि दारातूनच म्हणाला, "आक्का, ऐकू यीना म्हंजी मानूस येडं हुतं व्हय? मंग आपले दादा धा वर्सं येडेच हुते का?" दादा म्हणजे आमचे वडील. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. तो चिडका आहे, पण वाचल्याशिवाय सही करत नाही.

(ख) सावेडीचं घर मी खात्याच्या कर्जातून बांधलं आणि ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. रस्त्याकडची पुढची खोली आणि तिच्यापुढचा ओटा मोनिका साळवे हिला कायमचा, मालकी हक्काने. तिने तिथे दुकान थाटावं. तिला आज हे माहीत नाही. तिने मला भुलवलं असं कुणी म्हणणार असेल, तर त्याने आधी हे सांगावं की मला भुलवता येण्याइतकं ऐकू यायला लागलं ते कुणामुळे.

घराचा बाकी सर्व भाग सुनीलला. तो माझा मुलगा आहे. रागाच्या भरात मी त्याला उघड्यावर टाकणार नाही. मात्र रस्ता पुढच्या खोलीतून आहे. मोनिकाच्या सहीवाचून मागचा भाग कुणी शोरूमवाला घेणार नाही. विकायचं असेल तर सुनीलने दुकानात जावं, स्टुलावर बसावं आणि तिला विचारावं. ती "नाही" म्हणाली, तर घर त्याच्यासाठी सेवेत नाही असं समजावं.

(ग) बँकेत जे उरेल ते सुनीलचं. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

(घ) रुपालीने गेल्या वर्षी दिलेली बोलणारी डबी रुपालीला परत, खोक्यासकट. माझं मराठी त्या डबीला कळत नाही, कॉन्व्हेंटचं इंग्रजीही कळत नाही. पण मी काही न विचारता ती अधूनमधून "सॉरी" म्हणते. या घरात सॉरी म्हणणारं तेवढं एकच आहे, म्हणून इतके दिवस ठेवली. रुपालीवर माझा राग अर्धा आहे. "आणि आई?" असं तिने विचारलं, ते मी ऐकलं आहे. माझ्या चार पाटल्या तिला.

(ङ) कानातली यंत्रं आणि तो तडकलेला फोन मोनिकाकडे जमा करावा. हीच यंत्रं घेऊन अडकलेलं आणखी कुणी या जिल्ह्यात असेलच. अकोले तालुक्याच्या डोंगरात असो की नगरच्या बाजारात, पहिला जो येईल त्याला फुकट द्यावीत. दहा टक्के सूट नको.

(च) छबूबाई या कागदाची साक्षीदार आहे, म्हणून तिला यातून काही देत नाही. शिलाई मशीन मी तिला परवाच देऊन टाकलं.

(छ) मी अंथरुणाला खिळले तर यंत्रं माझ्या कानांतून काढू नयेत. डॉक्टर म्हणाले की आता यांना काही कळत नाही, तरीही नाही. रोज रात्री ती चार्जिंगला लावावीत आणि सकाळी परत घालावीत. माझ्या खोलीत जे बोलायचं, ते मला ऐकू येतंय असं धरून बोलावं.

७. हा कागद मी जिवंत असेपर्यंत मला बदलता येतो. सुनीलला तो बदलून हवा असेल तर वकील पाठवू नये, मेसेज करू नये. त्याने एकट्याने यावं, माझ्यासमोर बसावं आणि दिवाळीला माझ्या पाठीमागे जे बोलला ते सगळं पुन्हा माझ्या तोंडावर बोलावं. मोठ्याने बोलायची गरज नाही.

वरील मजकूर मी लिहिला, मी वाचला, आणि तो माझा आहे.

(सही) पुष्पावती सहादेव वाकचौरे
सावेडी, अहिल्यानगर. २४ नोव्हेंबर २०२५.

साक्षीदार पहिली:
बाईंनी माज्यासमोर सही केली. आधी सगळं वाचून दाखिवलं. मी मधीच इचारलं की मला म्हातारी म्हनल्याचं कशाला लिव्हलं, तर बोलल्या, म्हनलीस म्हनून लिव्हलं. बाई शुद्धीत हाय.
(सही) छबूबाई

साक्षीदार दुसरी:
मी डॉ. राजेश्वरी, कान-नाक-घसा तज्ज्ञ, सावेडी. पुष्पावतीबाईंनी माझ्यासमोर सही केली. सहीपूर्वी मी त्यांची स्मृतिचाचणी घेतली, पुण्याच्या फाइलमधलीच, त्याच क्रमाने, तेच तीस प्रश्न. तीसही उत्तरं बरोबर आली. घड्याळ त्यांनी काढलं आणि चाचणीच्या छापील कागदातली एक चूक मला दाखवून दिली. प्रश्न मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून, नेहमीच्या आवाजात विचारले.
(सही) डॉ. राजेश्वरी