शनिवारी गळणारा पंप

॥ श्री ॥

अंबापेठ, अमरावती
रविवार, दि. २४ फेब्रुवारी १९६३

रा. रा. किसनरावदादा यांस,

शेषराव वकिलाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द मी आजवर सवयीने लिहीत आलो, या खेपेस खरोखर आडवा होण्याची तयारी ठेवली आहे. कारण पुढे कळेल.) आपली प्रकृती, वहिनींचे गुडघे आणि कारखान्याची भट्टी ही तिन्ही ठीक असावीत. माझी प्रकृती सध्या पिठल्यावर चालली आहे आणि पिठलेही मीच करतो, तेव्हा त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तुमची बहीण, म्हणजे आमची ही, तुमच्याकडे येऊन आज चौदा दिवस झाले. तिचेही कुशल कळवावे. मी विचारले होते असे तिला सांगितले तरी चालेल.

मागे मी तुम्हाला एक कार्ड टाकले होते. त्यात तुमच्या पंपाबद्दल जे काही लिहिले ते सगळे मागे घेतो. ते कसे लिहिले गेले हे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण अजूनही मला स्वतःलाच ते नीट उमगलेले नाही. मूळ दोष त्या मोटारीचा. धामणगावच्या एका कापूसवाल्याने ती माझ्या गळ्यात मारली तेव्हा इंजिन घड्याळासारखे चालते म्हणाला होता. (ते खरे होते. त्याचे घड्याळ मी नंतर पाहिले.) दिवाळीत तिचा ऑइल पंप गेला. विलायतेहून अस्सल पार्ट आता येत नाहीत, आणि तुम्ही तर जन्मभर जिनिंगच्या यंत्रांचे भाग ओतलेले. तरी केवळ बहिणीच्या शब्दाखातर तो जुना पंप समोर ठेवून तुम्ही तसाच नवा ओतला, घासला आणि पंच्यात गुंडाळून पाच जानेवारीच्या संध्याकाळी बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवला. तो वार शनिवार होता, हे कृपया लक्षात ठेवा. मी ठेवले नाही. ही चार घरी सांगून आली की दादाने विलायतेला मागे टाकले.

दुसऱ्या दिवशी श्रावण मिस्त्रीने (मिलिटरीच्या वर्कशॉपात दहा वर्षे काढलेला माणूस, उगाच तोंड उघडत नाही) तो पंप इंजिनाच्या कुशीला चार बोल्टांवर बसवला. आठवडाभर मोटार मोर्शीच्या कोर्टात जाऊन-येऊन होती, तेलाचा एक थेंब पडला नाही. मग शनिवार आला आणि पंपाखाली जमिनीवर तेल. एका कागदाने टिपून घेतले. रविवार ते शुक्रवार कोरडे, आणि शनिवारी पुन्हा तेल. आता मी पडलो वकील, पुराव्याशिवाय कुणावर आरोप करीत नाही. (तुमच्यावर केला, तो सोडून.) त्या पहिल्या डागापासूनच मी रोज मोटारीखाली फुलस्केप कागद पसरू लागलो आणि डाग पडला की त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घालू लागलो. निशाणी एक ते निशाणी पाच माझ्या टेबलाच्या खणात आहेत, पाचही शनिवारच्या. तिसरा शनिवार सव्वीस जानेवारीचा होता, सरकारी सुटी होती, तरी पंपाने सुटी घेतली नाही. पंप मोर्शीच्या खड्ड्यांत गळत नाही आणि घरी उभ्या जागी गळतो, याचा अर्थ काय लावायचा? मी बार लायब्ररीत चार जणांना विचारले. तिघांनी मोटार विकायला सांगितली आणि चौथ्याने विकत मागितली.

शेवटी पाचव्या शुक्रवारी श्रावण मिस्त्रीने सगळे इंजिन रॉकेलने धुतले, कोरडे पुसले आणि त्यावर पावडर भुरभुरली, म्हणजे तेल जिथून निघेल तिथून त्याची रेघ दिसावी. (पावडर हिची, तोंडाला लावायची. दादाच्या पंपासाठी म्हटल्यावर डबा निमूट दिला.) शनिवारी माझी दाढी-अंघोळ आटोपून आम्ही बॉनेट उघडले, तर पावडरीतून एक पिवळी रेघ इंजिनाच्या थेट डोक्यापासून पंपापर्यंत आलेली. श्रावण म्हणाला, "सायेब, तेल खाली दिसते म्हणून खालूनच गयते असं नाई. वर पाहा लागते." मी त्याला अर्धा तास समजावून सांगितले की पंपाचे कामच मुळी तेल वर चढवणे, तेव्हा ही रेघ खालून वर गेलेली आहे. तो ऐकून घेत होता. मग त्याने बोट लावून वास घेतला आणि म्हणाला, हे इंजिनाचे तेलच नव्हे, याला जवसाचा वास येतो. झाले. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला (असे वाटले) की तुम्ही पंपाच्या सांध्यातली पॅकिंग जवसाच्या तेलात भिजवून बसवली, आणि तेच आता पाझरते आहे. त्याच भरात मी ते कार्ड लिहिले, "ओतीव भंगार" वगैरे शब्द घातले आणि शाई वाळण्यासाठी टेबलावर ठेवले. कार्ड उघडे असते हे मला माहीत आहे. ते घरातही उघडेच असते, हे सुचले नाही.

हिने ते वाचले. आदळआपट केली नाही, ती केली असती तर बरे झाले असते. कार्ड स्वतः नेऊन पेटीत टाकले, परत आली, पातळे भरली आणि दारात उभी राहून एवढेच म्हणाली, "माह्या भावाच्या हाताले नाव ठेवलं तुमी. पंप चांगला निंघाला का कयवा, मंग येईन." दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती अकोल्याला आली, ते तुम्हाला माहीतच आहे.

आणि दादा, त्यानंतरचे दोन्ही शनिवार पंप कोरडा. ही गेली आणि गळती थांबली. मी कागद उलटे करून पाहिले. एकदा तर मनात आले की पंप हिच्या माहेरचा, तेव्हा ती समोर दिसली की त्याला रडू येत असावे. हे मी श्रावणला बोलूनही दाखवले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि पाणी पिऊन घ्या म्हणाला.

काल सकाळी शेजारच्या दुर्गाबाई, ज्या महिनाभर लेकीकडे होत्या, हातात वाटी घेऊन दारात आल्या. "वयनी नाईत म्हनतात. तं मोटारीले तेल कोन वाह्यते आता? अकरा शनिवार बोलल्या होत्या."

मग सगळे बाहेर आले. लोखंड आणि तेल शनिवारी घरात आणू नये हे तुम्हा-आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तुमचा पंप म्हणजे लोखंडही आणि तेलाचाही, आला तो नेमका शनिवारी. दादाच्या कामाला दृष्ट लागू नये म्हणून हिने दुर्गाबाईंना विचारून अकरा शनिवार धरले. मी अंघोळीला गेलो की बॉनेट उचलायचे, इंजिनाच्या माथ्यावर पळीभर जवसाचे तेल वाहायचे आणि नवऱ्याला सांगायचे नाही. पाच झाले, सहा राहिले. तुमच्या पंपाला बोल लागू नये म्हणून ती तेल वाहत होती, आणि त्याच तेलाच्या पुराव्यावर मी तुमच्या पंपाला दोषी ठरवले. पंचवीस वर्षे वकिली केली, एवढी लाज कधी वाटली नव्हती. श्रावण फक्त म्हणाला, "म्या तं सांगतलं होतं, वर पाहा."

तरी तुमचा पंप निर्दोष आहे, हे मी शुद्धीवर राहून लिहून देतो. वहिनींना नमस्कार. लोभ कार्डाच्या आधी होता तेवढा परत असावा.

आपला,
शेषराव

ता. क. १ : खरे म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिले. वरचा सगळा मजकूर हिला मोठ्याने वाचून दाखवा आणि तिला पाठवून द्या. घर खायला उठते. राहिलेल्या सहा शनिवारी बॉनेट मी स्वतः उचलून धरीन.

ता. क. २ : हा कागद वेगळा आहे, तो आधी खिशात घाला. या खेपेस पाकीट वापरले ते यासाठीच. आत्ता दुपारी पंपाखाली पुन्हा एक थेंब सापडला. काळा आहे, इंजिनाचाच आहे. मी दोनदा वर पाहिले, श्रावणनेही पाहिले, वर काही नाही. हा तुमच्या पंपाचाच, खालच्या बोल्टाजवळून. पण हिला भावाचा पंप निर्दोष हवा आहे आणि मला ही घरात हवी आहे, तेव्हा मी खाली जुनी परात सरकवली असून निशाणी सहा फाडून टाकली आहे. तुम्ही गुपचूप एक नवी पॅकिंग पाठवा. फक्त शनिवारी पाठवू नका.