रवा म्हणजे गहू नव्हे

५ जानेवारी १९५३, सोमवार

वजन ९१ पौंड. काट्यावर चढण्यापूर्वी डॉक्टर टिपणिसांनी खिशातल्या किल्ल्या काढायला लावल्या. एवढी अक्कल त्यांना आहे, पुढे नोंद करण्यासारखं काही नाही. डॉक्टरांचं वय अठ्ठावीस. मिशी अजून अनिश्चित. दीड वर्ष मला जुलाब होताहेत. ठाण्यातल्या तीन जाणत्या डॉक्टरांनी संग्रहणी म्हणून ताक पाजलं. हे म्हणतात, गहू सोडा! कुठल्याशा विलायती मासिकात आलंय म्हणे. गव्हात ग्लुटेन नावाचं चिकट काहीतरी असतं, ते काही माणसांच्या आतड्यांना सोसत नाही. पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, जव, सगळं बंद. जन्मभर. चिमूटभरसुद्धा नाही.

मी विचारलं, त्या मासिकवाल्यांनी पोळी कधी बघितली आहे का? नुसते हसले. उत्तर नसलं की तरुण माणसं हसतात.

निघताना हिला एकटीला आत बोलावलं. बाहेर आली ती डोळे पुसत. म्हणाली, धूळ गेली. दवाखान्यात झाडलोट होत नाही, हे सिद्ध.

६ जानेवारी

मी बारा वर्षं इंग्रजी आणि गणित शिकवतोय. शिस्त मला कोणी शिकवू नये. निश्चय: तीन महिने गव्हाला स्पर्श नाही. ३१ मार्चला वजन १२० पौंड. शाळेच्या कमिटीने एप्रिलपर्यंत मुदत दिली आहे, तब्येत सुधारली नाही तर नोकरी सोडा म्हणतात. कमिटीत एकही ग्रॅज्युएट नाही.

रात्री तांदळाची भाकरी. आमच्या वाईला घरात दोन्ही वेळा पोळी, भाकरी गडी खात. हिला तसं सांगितलं. म्हणाली, गड्यांची पोटं कशी होती? प्रश्न गैरलागू होता.

९ जानेवारी, शुक्रवार

खरेदीला स्वतः गेलो. बायकांना लेबल वाचता येत नाही. वाण्याकडे लेबलं नव्हतीच, म्हणून तोंडी परीक्षा घेतली. हिंग शुद्ध आहे का? म्हणाला, एकदम शुद्ध. मी पाच प्रश्न विचारले. पाचव्याला कबूल झाला की हिंगात पीठ घालावंच लागतं, नाहीतर कोणाच्या आमटीला परवडेल? मेतकुटातही गहू. मागे रांग लागली होती, त्या सर्वांना ग्लुटेन म्हणजे काय ते वीस मिनिटं समजावून दिलं. एक बाई म्हणाल्या, मास्तर, माझं रॉकेल द्या म्हणावं आधी. ठाण्याला ज्ञानाची भूक नाही.

घरी आल्यावर कळलं, तांदूळ आणायचा राहिला.

येताना बेकरीतून नानकटाई घेतली. नानकटाई तुपाची असते. तिच्यात गहू धरत नाहीत.

१४ जानेवारी, संक्रांत

शाळेतल्या मारुतराव ड्रॉइंग मास्तरांकडे गुळपोळी. गुळपोळीत मुख्य वस्तू गूळ, पोळी हे नुसतं पाकीट. पत्र वाचायचं तर पाकीट फोडावं लागतं. चार खाल्ल्या.

१५ जानेवारी

शाळेत गेलो नाही. पाच वेळा. तीळ फार उष्ण.

२० जानेवारी, मंगळवार

गिरणीत भांडण. गिरणीवाला गणू गव्हावर माझे तांदूळ दळत होता. म्हणजे माझ्या पिठात आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू! मी म्हटलं, जातं धुऊन काढ. म्हणाला, मास्तर, सकाळी सहाला पयला नंबर लावा, स्वच्छ दळून देतो. उद्यापासून पाचला उठणार.

२१ जानेवारी

आठला उठलो. थंडी.

२३ जानेवारी

माजिवड्याची सगुणाबाई आमच्याकडे भाजी घालते. तिची शेती आहे, तांदूळ घरचा. हिने तिला सगळी कर्मकथा सांगितली, बायकांना गुपित म्हणून काही नसतं. सगुणाबाई म्हणाली, मास्तर, ती गिरन नको नि तो गणू नको. माझे घरचे जात्यावर दलून देते. तिथं गव्हाचा दाना कधी परला नाय.

मी नम्रपणे नकार दिला. शास्त्रीय आहार असा टोपलीतून घ्यायचा नसतो. माझी पाठ वळताच हिने तिला हो म्हटलं असावं.

२ फेब्रुवारी, सोमवार

वजन ८८. टिपणिसांचा काटा बिघडला आहे, हे त्यांच्या तोंडावर सांगितलं. त्यांनी स्वतः चढून दाखवलं आणि विचारलं, बाहेर काही खाता का? मी म्हटलं, काही नाही. चहाबरोबरची बिस्किटं खाण्यात मोडत नाहीत, ती चहात मोडतात.

८ फेब्रुवारी

कल्याणच्या एका वाचनालयाचं पत्र. बावीस तारखेला व्याख्यान द्या. विषय मीच सुचवला, ‘आहारातील शिस्त’. पाच आठवड्यांचा अनुभव पाठीशी आहे. हिला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, अहो, जाऊ नका. थकलात तुम्ही. मी म्हटलं, थकलेलं शरीर असतं, विचार नव्हे.

२२ फेब्रुवारी, रविवार

कल्याण. साठ माणसं. आधी सेक्रेटरींच्या घरी फराळ, समोर रव्याचे लाडू. ही बरोबर नव्हती. तांबूस भाजलेला रवा, वर बेदाणा. सेक्रेटरींना मी रीतसर सांगितलं की मला गहू वर्ज्य आहे. ते घाबरून ताट उचलू लागले. तेव्हा मीच समजावलं, रवा म्हणजे गहू नव्हे, गव्हाचा एक तुकडा. तुकड्याला संपूर्णाचे गुण नसतात. पाच खाल्ले.

व्याख्यान उत्तम सुरू झालं. “जिभेवर ज्याची सत्ता नाही,” असं म्हणालो, आणि पोटात कळ आली. वाक्य पुरं करता आलं नाही. प्रकृतीच्या कारणावरून सभात्याग करावा लागला. वाचनालयाचा संडास मागच्या आवारात, मध्ये चिखल. परत आलो तेव्हा सभागृहात सतरंजी गुंडाळत होते.

घरी कसा आलो आठवत नाही. सेक्रेटरी सोडायला आले होते बहुधा. दारात पडलो म्हणे.

२३ फेब्रुवारी

अंथरुणात. लिहायला उशी लागते.

सकाळी ही रागावली नाही. तेच वाईट. पेज भरवली आणि मग सांगितलं. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, असंच चाललं तर मास्तर पुढचा पावसाळा बघणार नाहीत. सात आठवडे ती हे एकटीच घेऊन बसली होती.

  मी तिचा हात धरून ठेवला. मग ती म्हणाली, हात सोडा, दूध उतू जातंय.

४ मार्च, बुधवार

बरा आहे. आता खरा निश्चय. आजपासून.

१० मार्च

एक विचित्र प्रकार. चहा प्यायला बेकरीत गेलो. गल्ल्यावरचा म्हणतो, मास्तर, बिस्किट मिळणार नाही, बाईंनी सांगितलंय. बाई? कोण बाई? स्टेशनापासून खोपट नाक्यापर्यंत सहा दुकानं फिरलो. सहाही ठिकाणी हिचं म्हणणं आधीच पोचलेलं. उडप्याने न विचारता इडली पुढे ठेवली. गिऱ्हाइकाला परत पाठवून हे लोक व्यापार करणार! या देशाची प्रगती खुंटली ती उगीच नाही.

११ मार्च

हिचं म्हणणं कुठवर पोचलंय ते मोजून बघायचं म्हणून पायी माजिवड्याला गेलो. तिथल्या दुकानात मला कोणी ओळखत नव्हतं. बिस्किटांचा पुडा घेतला. पुडा फोडणार तोच मागून सगुणाबाई. डोक्यावर भारा.

“मास्तर, हाती काय हाय?”

“औषध आहे.”

“मंग बकरीला देते. तिचापन पोट बिघरलाय.”

घेतला आणि खरोखरच बकरीला घातला. बकरी दोन मिनिटांत पुडा खाऊन कागदाकडे वळली. मग मला ओटीवर बसवून तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी वाढली. भाकरी पांढरीशुभ्र, मऊ, कडेला जरा करपलेली. तिचा मान राखायचा म्हणून तीन खाल्ल्या. म्हणाली, हीच भाकर तुम्ही महिनाभर घरी खाताव, माहीत हाय ना?

माहीत नव्हतं. पण मान डोलावली.

३१ मार्च, मंगळवार

वजन १०४! १२० नाही, पण दिशा माझीच. चार मार्चपासून शाळेत एकदाही रजा नाही. टिपणिसांनी माझा हात दाबला. ठाण्यातल्या डॉक्टरांची बारा तारखेला सभा आहे, तिथे ते माझी केस मांडणार आहेत. मला, हिला आणि सगुणाबाईलाही बोलावलंय. बायकांना का, कळलं नाही. सोबत म्हणून असेल.

भाषण लिहायला घेतलं. इंग्रजीत. वैद्यक व्यवसायाला इंग्रजीशिवाय समजत नाही.

११ एप्रिल

अकरा पानं झाली. कमिटीचं पत्र आलं, नोकरी कायम. त्यांना माझ्यावाचून चालणार नव्हतं. हिला भाषण वाचून दाखवायला बसलो, पण ती सगुणाबाईला उद्या कोणतं लुगडं नेसायचं ते सांगत होती.

१२ एप्रिल, रविवार

सभा झाली. वीस-बावीस डॉक्टर. टिपणीस उठून म्हणाले, आता ही केस ज्यांनी बरी केली त्या सुमेधाबाई बोलतील. ही उठली. पंधरा मिनिटं बोलली. हिंग, मेतकूट, गिरणी, जातं, सहा दुकानं. कागद नाही, अडखळणं नाही. सगुणाबाई पहिल्या रांगेतून मध्ये मध्ये दुरुस्ती करत होती. मोठमोठे डॉक्टर लिहून घेत होते. एकाने विचारलं, जात्यावर दळलेलं पीठ किती दिवस टिकतं? सगुणाबाईने उत्तर दिलं, त्यांनी तेही लिहून घेतलं.

शेवटी टिपणीस माझ्याकडे वळले. मी घसा साफ केला. ते म्हणाले, मास्तर, सदरा काढून काट्यावर उभे राहता का?

उभा राहिलो. १०७ पौंड. टाळ्या झाल्या, सगळ्यांची तोंडं हिच्याकडे.

भाषण सदऱ्याच्या खिशात होतं. सदरा टेबलावर.