बाळासोंचा खांदा

सांगली, मंगळवार

प्रिय मयूरी,

फोनच केला असता, पण फोनवर मी घाईने बोलते आणि मग बोललेलं बरोबर होतं का याची दोन दिवस काळजी करते, हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहिते आहे. पोस्टाने उशीर होईल, तेव्हा पानांचे फोटो पाठवीन. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

आज सकाळी हळद बाजारातले एक हमाल, बाळासो, आमच्या हाडांच्या विभागात आले. पोत्यांच्या थप्पीवरून पडून उजवा खांदा निखळलेला. माणूस दाराएवढा. ऑर्थोच्या आमच्या तुकडीत मी एकटी मुलगी, त्यामुळे अशा वेळी माझ्या हाती फाईल येते आणि वीरधवलच्या हाती पेशंट. शिराळ्याचा हा गडी रोज व्यायामशाळेत जातो. त्याने दोनदा ओढून पाहिलं, घामाघूम झाला. तो जितकं ओढी, तितका बाळासोंचा दंड दगड होई. आमचे गंगाधर सर म्हणाले, आता पूर्ण भूल द्यावी लागेल. आणि मयूरी, मी म्हणाले, "सर, भूलतज्ज्ञ येईपर्यंत मी एकदा बघू?" आवाज माझाच होता, तरी मी दचकले.

एक्स-रे पुन्हा पाहिला, बोटांची संवेदना तपासली, वेदनाशामकाचा असर होऊ दिला. पुस्तकातली एकही पायरी सोडली नाही. मग स्टुलावर बसले, मनगट धरलं आणि हळद कशी पारखतात ते विचारलं. ते सांगत राहिले, मी हलका ताण ठेवून हात हळूहळू बाहेर नेत राहिले. दहा मिनिटांनी हाताखाली खट्‌कन जाणवलं. त्यांना कळलंच नाही. "आवं मॅडम, बसला व्हय? माझं राजापुरी हळदीचं सांगून व्हायचंय की अजून." सगळ्यात मोठ्याने वीरधवल हसला, आणि मग हळूच म्हणाला, मला शिकव.

हे कुठे शिकले, ते मी तुलाही कधी सांगितलं नाही. म्हसवडच्या पुढे, आमच्या माळावर. धोंडुबाई आत्या मेंढराचा निखळलेला पाय बसवायची आणि मी, आठ-नऊ वर्षांची, त्याचं डोकं काखेत धरून बसायचे. माझी घाई बघून ती म्हणायची, "वढू नगंस. आदी त्येला सैल हू दे, मग पाय त्येचा त्यो जातुय." कॉलेजात याची मला लाज वाटायची. मेंढरांवर शिकलेली डॉक्टरीण म्हणतील, म्हणून गप्प राहिले.

सरांनी नंतर विचारलं, दीड वर्षात कधी बोलली नाहीस? मी म्हणाले, तुम्ही कधी विचारलं नाही. ते "खरं आहे" एवढंच म्हणाले आणि पुढच्या आठवड्याच्या यादीत मनगटाच्या ऑपरेशनसमोर पहिलं नाव माझं लिहिलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दिवाळीत साताऱ्याच्या स्टँडवर तू विचारलं होतंस, ताई, मी ऑर्थो घेऊ का? तू इथे इंटर्न असताना तुझ्या हातचं प्लास्टर आम्ही एकमेकांना दाखवायचो. तरी मी म्हणाले, नको, ताकदीचं काम आहे, मुलींना करूच देत नाहीत. आणि तू पीजीच्या अर्जात स्त्रीरोग पहिलं टाकलंस. मी अर्धंच खरं बोलले होते गं. त्यांनी दिलं नाही, हे सांगितलं. मी एकदाही मागितलं नव्हतं, हे लपवलं. स्त्रीरोग मनापासून हवं असेल तर तसंच ठेव. पण माझ्या त्या वाक्यामुळे ठेवलं असशील, तर पसंतीक्रम शुक्रवारी पाचपर्यंत बदलता येतो. आणि एक. एक्स-रेपासून वाचवणारे शिशाचे एप्रन इथे सगळे पुरुषी मापाचे, माझ्या घोट्यापर्यंत येतात. आज धीर आलाच होता, म्हणून स्टोअरमध्ये लहान मापाची मागणी लिहून दिली. बाबूंनी विचारलं, एकच ना? मी दोन लिहिले.

आज पूर्ण खरं बोललेली, तुझीच
उत्कर्षाताई