सगुणेचे पथ्य

ता. १ मार्च १९३६, रविवार
सूनबाईच्या, सगुणेच्या हातावरचे डाग कोडाचेच, असे वैद्यबुवा म्हणाले. महारोग नव्हे, कुणाला लागत नाही. मी तीनदा विचारले. पथ्य: मीठ, आंबट, दही, वांगे बंद. हरभऱ्याची अळणी भाकरी, तूप. बावचीचा लेप लावून कोवळे ऊन. सहा महिने. माझा जीव थाऱ्यावर नाही. शेजारच्या मळ्यातल्याने याच दुखण्यापायी बायको माहेरी धाडली. ती गेली ती गेलीच. आमचा किसन, तिचा नवरा, मनमाडला रेल्वेत, दोन महिने घरी नाही. त्याला काही ठाऊक नाही.

ता. ४, बुधवार
बाजारात मेथी घेऊन बसलो. एक गिऱ्हाईक बाई सगुणेला म्हणाली, "तू हात लावू नकोस, म्हाताऱ्याला देऊ दे." मी जुडी पुढे केली. सगुणा हसून, "तुमच्या हातानं निवडून घ्या की अक्का. एरवी कुठं निवडू देते मी?" बाईने पाच जुड्या नेल्या!

ता. ८, रविवार
चूक माझी. लवकर गुण यावा म्हणून लेप दुप्पट लावायला लावला, दुपारपर्यंत उन्हात बसवली. हातावर टरारून फोड. वैद्यबुवा माझ्यावर ओरडले. ही मात्र, "मामंजी, कोथिंबिरीलाबी तुम्ही एवढं ऊन लागू देत नाय." त्याच हातांनी भाकऱ्या थापल्या. मी थापतो म्हटले तर परात बाजूला ओढली.

ता. १३, शुक्रवार
चाखत नाही, तरी भाजीत मीठ रोज बरोबर. कसे? "वास येतो की." मी वास घेऊन पाहिला. काही आला नाही. दोन दिवस मीही अळणी जेवलो. आज गुपचूप लोणचे खाल्ले. तिने पाहिले. बरणी तेवढी माझ्या हाताशी आणून ठेवली. माझी चौथी झाली आहे, पण हा निग्रह कुठल्या शाळेत शिकवतात?

ता. १६, सोमवार
किसनला कार्ड लिहिले. वाचून दाखवा म्हणाली. "सूनबाईच्या हातावर उष्णतेचे चट्टे उठले…" तिथेच थांबवले. "कोड लिवा, मामंजी." अगं, तो घाबरेल, काही भलतेच… "घाबरू द्या. पण बाहेरून कळायच्या आधी घरातून कळू द्या." दुसरे कार्ड घेतले. त्या शब्दापाशी टाक अडला. लिहिले.

ता. २१, शनिवार
उत्तर नाही. झोप नाही. डाग रोज दोऱ्याने मोजतो. बिचारी हात पुढे करते. आज डागात तपकिरी ठिपका दिसला! रंग परततोय म्हणून मी ओरडलोच. "चिखल हाय तो," म्हणाली आणि धुऊन आली.

ता. २४, मंगळवार
कार्ड आले. "रविवारी येतो." बस, एवढेच. दहा वेळा वाचले. राग की काळजी, अक्षरावरून कळत नाही. सगुणा जुड्या बांधत होती. हात थांबला नाही.
"कंच्या गाडीनं?"
ते लिहिलेले नाही, म्हटले.
"सकाळच्या गाडीनं या म्हणावं. उजेडात नीट बघतील."
लगेच कार्ड लिहिले, स्वतः जाऊन टाकून आलो. सकाळच्या गाडीने ये. कारण लिहिले नाही.