ओवाळणीत कबूल केलेलं लिव्हर

लालबाग, १२ डिसेंबर २०२४

चि. सौ. अंबिका हिस, दादाचे अ. उ. आ.

बोलताना तुला धाप लागते, म्हणून फोन न करता आमच्या भटारखान्यातल्या चंपाने केलेल्या अळणी डब्यासोबत हे पत्र पाठवतोय. तीन किलो उतरलो. त्याची खरी किंमत ऐक. रात्रीचं जेवण गेलं, दुपारची झोप गेली, तुझ्या वहिनीने बोलणं टाकलं, आणि पोट आवळायच्या पट्ट्याने पुरळ उठलं ते वेगळंच. एवढं करून उतरलं कुठून, तर गालांवरून. छातीखालचा घुमट जागच्या जागी. रोज तेल लावून रगडतो, टणक तो टणकच.

डॉक्टरीणबाई म्हणतात, ही चरबी रगडून जायची नाही, ती आत आहे. लिव्हरमध्येही साठलीय. ती उतरल्याशिवाय बहिणीला लिव्हर देता येणार नाही. दोन महिन्यांनी पुन्हा तपासतील. पडद्यामागे त्यांचा मदतनीस पुटपुटला, की या काकांचं कठीण दिसतंय. त्याला वाटलं मला ऐकू गेलं नाही. अख्ख्या पंगतीत कोण कशाला नाक मुरडतंय ते कान देऊन ऐकलं, म्हणून तर वाढप्याचा केटरर झालो.

तू घाबरू नकोस. भाऊबीजेला तुझ्या ताटासमोर बोललो ते बोललो. माझ्यासारखा देणारा तुला मुंबईत शोधून मिळायचा नाही. शामरावांना म्हणावं, निवांत राहा. काळजीने नवरा अजून वाळला तर तुला दिसायचाही नाही.

तब्येत सांभाळ, माया आहे तशी असू दे.

तुझा,
गंगाधरदादा

माझगाव, १६ डिसेंबर २०२४

ती. दादास, अंबिकाचा सा. न. वि. वि.

पत्र तीनदा थांबून वाचलं. आता डोळेही लवकर दमतात. पाय सुजलेत, अंगाला खाज सुटली की रात्र सरत नाही.

वहिनीने सगळं सांगितलंय हं. तू जेवत नाहीस, पण लग्नसराईत दिवसभर प्रत्येक पातेल्यातला चमचा तुझ्या तोंडात जातो. तिने टोकलं तर म्हणालास, चव बघणं म्हणजे खाणं नव्हे, तो धंदा आहे. अरे, बासुंदीची चव चार-चार वेळा?

आता रागावू नकोस. हे गुपचूप रक्त तपासून आले. गट जुळतो. इतके दिवस गप्प का बसलात विचारलं, तर म्हणाले, भावाने ओवाळणीत शब्द दिलाय, त्याला डावलून मी पुढे झालो तर तुझ्या माहेरचा अपमान. मी आधी हसले, मग रडू आलं. दादा, तुम्हा दोघांच्या मानापानात मी जाईन रे. तू मोकळं केल्याशिवाय ते पुढच्या तपासण्या करणार नाहीत. तेवढं कर. मला आता वाट बघवत नाही.

वहिनीला नमस्कार. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
अंबिका

लालबाग, १४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अंबिका हिस, अ. उ. आ.

तुला भेटू देत नाहीत, म्हणून हे पत्र सिस्टरबाईंकडे देतोय. ऑपरेशननंतर शामराव काल पहिल्यांदा भिंतीला धरून चालले. मला बघून म्हणाले, दादा, तुमचा मान मी घेतला, माफ करा. डिसेंबरात तुझं पत्र आलं तेव्हा दोन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो. मग त्यांना फोन करून एवढंच म्हणालो, की ओवाळणी तुम्ही घाला, हात माझाच समजा.

तुझ्या डोळ्यांचा पिवळेपणा उतरतोय, असं सिस्टरबाई म्हणाल्या. फार दमलोय गं, नुसता बसून.

चव आता चंपा बघते. मीठ थोडं पुढे जातं, पण गिऱ्हाईक सुटलेलं नाही.

लवकर घरी ये. आमच्यावर जीव आहे तो राहू दे.

तुझा,
दादा

ता. क. कुणी बोलावलं नव्हतं, तरी काल ठरलेली तपासणी करून आलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचं लिव्हर आजही चाललं नसतं.