मिलिंग मशीन, त्याची नवी मोटर आणि हरवलेली पुली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, राहणार वर्कशॉपच्या मागच्या दोन खोल्या, गुडघ्यांनी कुरकुरणारी पण डोक्याने शाबूत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी मला तपासून तसा दाखला दिला आहे. आज वार कोणता, असे त्यांनी विचारले. मी वार सांगितला आणि त्यांच्या डाव्या बाहीचे बटण तुटले आहे हेही सांगितले. तेवढे पुरे, म्हणाले.

मला दोन मुले. थोरला मुलगा, ज्याला सगळे घर दादा म्हणते, आणि मुलगी, जी एक्केचाळीस वर्षांची झाली तरी बारकीच आहे. माझे पती सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांचा उल्लेख मी आयुष्यभर "हे" असाच केला, इथेही तसाच करणार आहे. वकीलबाईंनी सुचवलेले "मयत इसम" हे शब्द मी घेतलेले नाहीत.

कलम १. राहत्या दोन्ही खोल्या, त्यांतील भांडीकुंडी, कपाटे आणि बँकेतील ठेव दादाला मिळावी. त्याने माझी औषधे एक दिवसही चुकवली नाहीत. दाराची कडी वर उचलून लावावी लागते, हे नव्या भाडेकरूला त्याने आधीच सांगावे. आम्ही सगळ्यांनी त्या कडीत बोटे चेमटून घेतली आहेत.

कलम २. माझी निळी लोकरी शाल वन्संना द्यावी. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वन्सं पाहुण्यांदेखत म्हणाल्या होत्या, "कॉन्व्हेंटची पोर आहे, तेलाच्या वासानं आठवड्यात माहेरी पळेल." त्याला पंचेचाळीस वर्षे झाली. शाल त्यांनी माझ्याकडे तीनदा "सहज" मागितली आहे. तिला मशीनच्या तेलाचा वास आहे. धुऊन देऊ नये.

कलम ३. माझा टाइपरायटर आणि खिडकीजवळचे टेबल नातीला, म्हणजे दादाच्या मुलीला. वर्कशॉपची सगळी पत्रे मी याच टेबलावर टाइप केली. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक वस्तू जागेवर, असे सिस्टर आम्हाला शाळेत शिकवत, आणि बोटांवर पट्टी मारून पटवून देत. त्यामुळे टेबल कायम लखलखीत असे. शेवटच्या वर्षी हे एकदा चहाचा कप हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "तुझ्या टेबलापाशी काही ठेवायची भीतीच वाटते गं." आणि बराच वेळ हसले. त्यात एवढे हसण्यासारखे काय होते ते मला कळले नाही. नातीने मात्र टेबलावर हवा तेवढा पसारा करावा.

कलम ४. वर्कशॉपची शेड, तिच्यातील मिलिंग मशीन, त्याची मोटर आणि यांची सगळी हत्यारे बारकीला मिळावीत, आणि फक्त तिलाच. शेड गोदामाला देऊन मशीन वजनावर विकावे, असे दादाचे मत आहे. तो वाईट हेतूने बोलत नाही. "आई, ते मशीन माझ्यापेक्षा वयानं मोठं आहे," म्हणाला. "मीही आहे," मी म्हटले. तेव्हापासून त्याने विषय काढलेला नाही. पण माझ्यामागे काढील, म्हणून हे कलम सविस्तर लिहिते.

या मशीनवर फिरता कटर लोखंड कापतो. कटरचा वेग बदलायचा तर पूर्वी मशीन बंद करून, झाकण उघडून, बेल्ट एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर सरकवावा लागे. त्यासाठी चार टप्प्यांची एक ओतीव पुली होती, पायऱ्यापायऱ्यांची, मोठ्या भाकरीएवढी. हे दिवसातून वीस-वीस वेळा बेल्ट बदलत. मग लाकडी रूळ मशीनला टेकवून त्याचे दुसरे टोक कानाशी धरत आणि वेग बरोबर बसला का ते ऐकत.

नऊ वर्षांपूर्वी बारकीने वेग कमी-जास्त करता येणारी विजेची मोटर आणली. बटण फिरवले की वेग वाढतो, उलटे फिरवले की उतरतो, मशीन थांबवायला नको. ती तेव्हा शेडमध्ये यांच्याबरोबरच काम करी. महिनाभर बापलेकीचे वाजले.

"मशीनचा कान पिळून वेग वाढवायचा म्हणजे काय?"

"बाबा, तुमचा खांदा बघा. हात वर जात नाही तुमचा."

"माझा खांदा मशीनला विचारून दुखत नाही."

शेवटी हे नमले, पण एका अटीवर. मोटर हळू फिरली की तिचा जोर जातो. वेग बेल्टने उतरवला तर मात्र जोर वाढतो. म्हणून जाड कामाला कधीतरी जुनी पुली परत चढवावी लागेल, ती जपून ठेवायची. बारकीने तसा शब्द दिला. पुली तेलकट फडक्यात गुंडाळून तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, माझ्या टेबलाशेजारी. मोटर सुरू झाली तेव्हा यांनी रूळ कानाला लावून बटण हळूहळू फिरवले. "गातंय," एवढेच म्हणाले. मी दारात उभी होते. इतका आनंद त्या शेडमध्ये मी पुन्हा पाहिला नाही.

आता जे लिहायचे आहे त्यासाठीच हे मृत्युपत्र मी टाइप न करता हाताने लिहीत आहे.

पंधरा दिवसांनी एक मोठे गिऱ्हाईक पाहायला येणार होते. मी आदल्या दिवशी साफसफाई काढली. कट्ट्यावर तेलकट फडक्यातला तो बोजा दिसला. मी ते फडके न सोडताच आत तुटके जुने लोखंड असेल असे समजले, आणि दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकले. कट्टा पुसून घेतला आणि त्यावर फुलदाणी ठेवली.

गिऱ्हाइकाने जाड ओतीव लोखंडी पाटाचे काम दिले. मोठा कटर, अगदी कमी वेग. बारकीने बटण उतरवले, कटर पाटात शिरला, मोटर गुरगुरली, दम सोडला आणि जागेवर थांबली. कटरचे दात तुटले, पाट चिरला, काम गेले. हे कट्ट्याकडे गेले. तिथे फुलदाणी.

"पुली कुठंय?"

मी टाइपरायटरवर बसले होते. मी खुर्ची मागे सारून उठले. बारकी आधीच म्हणाली, "मी भंगारात दिली, बाबा. म्हटलं आता कशाला लागतेय."

तिने त्याच्या दोनच दिवस आधी भंगारवाल्याकडे धाव घेतली होती आणि पुली वितळायला गेल्याचे ऐकून परतली होती, हे मला नंतर कळले. तिला सगळे ठाऊक होते, म्हणूनच तिने ते काम नुसत्या मोटरवर काढून पाहिले. तिने माझ्यासाठी खोटे का सांगितले, याचेही कारण मला ठाऊक आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी यांचे बारीक मापे घेण्याचे मायक्रोमीटर साबणाने स्वच्छ धुऊन उन्हात वाळत घातले होते आणि हे माझ्याशी अकरा दिवस बोलले नव्हते. ही गोष्ट आमच्या घरात हसत सांगितली जाई. हसणाऱ्यांत मी कमी असे, हे बारकीने लहानपणीच पाहिले असणार.

हे तिला म्हणाले, "मशीन बदललंस ते ठीक. मला दिलेला शब्दही भंगारात घातलास." आवाज चढवला नाही. महिन्याभरात बारकी दुसऱ्या गावी कारखान्यात नोकरीला लागली. मी आज सांगीन, उद्या सांगीन म्हणत राहिले. तिच्यामाझ्यात हा विषय कधी निघाला नाही. ती सणासुदीला नाही तर आजारपणाला यायची, पण शेडमध्ये पाऊल टाकायची नाही.

म्हणून मी पूर्ण शुद्धीत लिहून देते की पुली मी दिली. बारकीने शब्द मोडला नाही. हे दादाने, वन्संनी आणि ज्यांनी ज्यांनी त्या वेळी तिला दोष देत मान डोलावली त्या सर्वांनी ऐकावे. माझा दोष तिने नऊ वर्षे वाहिला आणि त्यापायी तिचे वडील तिला दुरावले. राग मनात धरूनच हे गेले.

कलम ५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. दादाने त्यांना चहा द्यावा, बिनसाखरेचा.

जोडकलम. वरील मजकूर लिहून झाल्यावर मी तो साक्षीदारांना वाचायला दिला. साक्षीदाराने वाचलेच पाहिजे असे नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. पण आमचे लेथवर काम करणारे जुने टर्नर काही न वाचता सही करणाऱ्यांतले नाहीत. कलम ४ संपल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"बाई, शेवटची ओळ चुकली आहे."

"कुठं?"

"साहेबांना माहीत होतं. जायच्या वर्षभर आधी ते भंगारवाल्याकडे तसली पुली मिळते का बघायला गेले होते. तो म्हणाला, बाईसाहेबांनीच तर दिली होती. तिथून थेट माझ्याकडे आले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी."

"मला का नाही बोलले?"

"मी तेच विचारलं. म्हणाले, पोरगी आईसाठी खोटं बोललीय, ते खोटं मी कशाला मोडू?"

मग टर्नर घरी जाऊन एक जड खोके घेऊन आले. यांनी त्यांच्याकडून नवी ओतीव पुली करवून घेतली होती, चार टप्प्यांची, जुन्या मापाची. ती तयार होऊन हाती आली यांच्या जायच्या महिनाभर आधी, आणि बारकी पुढच्या सुट्टीत येणार होती. तिला घेऊन स्वतः बसवीन, तोवर कोणाला सांगू नकोस, असे बजावले होते. बारकी आली ती यांच्या अंत्ययात्रेला. त्यानंतर तो शब्द कोणाजवळ आणि कधी सोडायचा, ते टर्नरना कळेना. सहा वर्षे ते दर महिन्याला पुलीला तेल लावत आले.

सबब, कलम ४ मध्ये ही पुली जोडावी. मृत्युपत्र मृत्यूनंतरच उघडायचे असते, असे वकीलबाई म्हणतात. बाकीचे तसे उघडावे. कलम ४ मी आज संध्याकाळीच बारकीला फोनवर वाचून दाखवणार आहे, आणि रविवारी पुली बसवायला नट आवळायचे पाने घेऊन ये म्हणून सांगणार आहे. यांचा लाकडी रूळ मी पुसून ठेवला आहे. जागेवरून हलवलेला नाही.

लिहून ठेवणार: सही

साक्षीदार १: सही (टर्नर, या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षे)
साक्षीदार २: सही (डॉक्टर; बटण अजून लावलेले नाही)

ठिकाण: शेड, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: १४ मार्च २०२६, शनिवार

खाडाखोडीबाबत: कलम ४ मधील शेवटचे वाक्य, शब्द पाच, मी एक आडवी रेघ मारून खोडले आहे. रेघेशेजारी माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. एकूण खाडाखोड एक. बाकी सर्व बरोबर.