भाताखालचं अंडं

प्रिय तेगन,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला, पण पत्राची दुसरी सुरुवात मला येत नाही, तेव्हा गोड मानून घे. तुला फोन केला तर तो तुझी बायको मिग्यंग उचलते. मेसेज केला तर तीच आधी वाचते आणि तू वाचायच्या आत अख्ख्या खानदानाला कळवते. म्हणून कागद घेतलाय. आई उद्या सोलला तुझ्याकडे येतेय, तिच्याबरोबर पाठवते. ती उघडून वाचेल ही भीती नाही, तिचा चष्मा तिला कधी सापडत नाही. मिग्यंगला काहीतरी आणायला खाली पाठव आणि एकटा असताना वाच. आणि वाचताना तो केविलवाणा चेहरा करू नकोस. हॉस्पिटलात गेल्यापासून तू तो फार छान करायला शिकलायस, येणारे-जाणारे डोळे पुसतात. मी तुला लहानपणापासून ओळखते, माझ्यावर त्याचा परिणाम होत नाही.

ताई वाळत चाललीय, हे आईने तुला सांगितलं असेलच. तिच्या मते मला या वयात कुणीतरी भेटलाय. परवा दुकानात येऊन, गिऱ्हाइकांसमोर, मुळ्याच्या किम्चीचा तुकडा चघळत मला विचारते, “कोण आहे गं तो? बायको मेलेला आहे की सोडलेला?” जन्मभर लग्नाचं नाव काढलं नाही तेव्हा ती गप्प होती, कारण माझा पगार घरात येत होता. आता कंबर जरा आत गेली तर तिला जावई दिसायला लागला. मी म्हटलं, “आहे एक. पिवळा पडलाय, पोटात पाणी झालंय आणि दिवसभर झोपून असतो.” तिला कळलं नाही. पण खोटं नव्हतं ते. मी पहाटे उठून डोंगर चढते त्यामागे एक पुरुष आहे, आणि तो तू आहेस. लगेच भारावून जाऊ नकोस. प्रेमाने कुणी पहाटे उठत नाही. मी उठते ती संतापाने.

आमच्या इमारतींच्या मागचा तो डोंगर तुला आठवतो ना? डोंगर कसला, टेकाड आहे. पण दैगूतल्या रिकामटेकड्यांना बघशील तर वाटेल हिमशिखरावर निघालेत. भडक जाकिटं, दोन दोन काठ्या, हातमोजे, तोंड पूर्ण झाकणाऱ्या काळ्या टोप्या. अर्धी वाट चढली की एकमेकांना काकडी वाटतात आणि ती खाताना असा चेहरा करतात जणू देशासाठी उपाशी होते. एक म्हातारा रोज त्याच पाइनच्या झाडाला पाठ आपटत उभा असतो, धप धप धप, आणि म्हणतो याने रक्त खेळतं. झाडाची साल गेली, म्हाताऱ्याची कंबर आहे तिथेच आहे. आणि माझ्या नशिबी आलीय बांगबाई. पहिल्याच दिवशी मी पायरीवर धापा टाकत बसले होते तर आली, माझ्या दंडाला चिमटा काढला आणि म्हणाली, “अहो ताई, स्वतःवर प्रेम करायला शिका हो! मन प्रसन्न असलं की पाय आपोआप चालतात.” मी म्हटलं, “बाई, माझे पाय शिव्या घालत चालतात, त्यांना चालू दे.” तेव्हापासून ती मला सोडत नाही. खाली उतरलं की ही सगळी टोळी पायथ्याच्या टपरीत घुसते, पातीच्या कांद्याची तेलात डुंबणारी धिरडी आणि वाडगे भरभरून तांदळाची दारू. जेवढं वर जाळलं त्याच्या दुप्पट खाली भरून घरी जातात आणि बायकांना सांगतात, आज फार व्यायाम झाला. हे टोळकं बघितलं की मला तुझ्या कंपनीतल्या जेवणावळी आठवतात. तूही असंच म्हणायचास ना, पितो कुठे, नोकरी करतो. साहेबाने पेला पुढे केला की नाही म्हणता येत नाही. तेगन, तुला ‘नाही’ म्हणता येत नाही, हे तुझ्या सगळ्या आयुष्याचं सार आहे आणि त्यासाठी मला तुझा मनापासून तिटकारा आहे.

छुसकच्या सणाला काय झालं ते तुला आठवत असेल, पण तू त्याची स्वतःला सोयीची आवृत्ती करून ठेवली असशील, म्हणून माझी ऐक. मी आणि मिग्यंग आदल्या दिवसापासून जमिनीवर बसून पितरांच्या ताटासाठी तळत होतो. माझ्या यकृताचा तुकडा तुला देता येईल का, त्या तपासण्यांचे निकाल नुकतेच आले होते. रक्त जुळत होतं, वय बसत होतं, पण यकृतात चरबी एवढी, की कापलं तर मीही धोक्यात आणि तूही. नमस्कार झाले, ताट उतरलं, आणि तू त्या पिवळ्या डोळ्यांनी सगळ्यांकडे बघत म्हणालास, “ताईचं यकृत म्हणजे तिच्या दुकानातलं तळण. पिळलं तर वाटीभर तेल निघेल.” सगळे हसले. काका तर ठसका लागेपर्यंत हसले. मीही हसले, कारण चूक नव्हतं ते. तीस वर्षं तोंडीलावण्याचं दुकान चालवते, सकाळी चव घेते ते रात्री उरलेलं संपवते, नीट जेवायला बसलेय कधी? गुडघे दुखायचे, जिने चढताना छाती भरून यायची आणि संध्याकाळी आठनंतर मी नुसती टीव्हीसमोर पडलेली असायची, काय चाललंय तेही न बघता. मला वाटायचं, या वयात असंच असतं.

मग हसणं थांबलं आणि तुझी सूआ म्हणाली, “मी देते बाबांना.” वीस वर्षांची पोर. हातात नासपतीची फोड होती तिच्या, ती तशीच धरून म्हणाली. लगेच कौतुक सुरू झालं. गुणी पोर. अशी मुलगी असायला भाग्य लागतं. आई रडली, काकांनी डोक्यावर हात ठेवला. मी कुणाकडेच बघत नव्हते, तुझ्याकडे बघत होते. बापाने म्हणायची एक गोष्ट असते त्या वेळी. नको, असं म्हणायचं असतं. डॉक्टर काहीही म्हणोत, शेवटी तुला तिचं घ्यावं लागो न लागो, आधी नको म्हणायचं असतं. तू फ्राय केलेल्या माशाकडे बघत राहिलास आणि मग म्हणालास, “परीक्षा होऊ दे हिची, हिवाळ्याच्या सुट्टीत बघू.” डॉक्टरांनी तोवर तग धरेल म्हणून सांगितलं होतंच. किती समजूतदार बाप! मुलीचं पोट फाडायचं, पण वर्ष वाया जाता कामा नये.

मला तेव्हा तुझा डबा आठवला. तुला वाटत असेल ताई जुनं उकरते. उकरते. आपण दोघं शाळेत जायचो तेव्हा आई माझ्या हातात दोन डबे द्यायची. दोन्हीत वरून सारखाच भात, जव मिसळलेला, कडेला किम्ची. एकदा पुलावर तुझा डबा माझ्या हातून पडला, उघडला, आणि भाताच्या खाली तळलेलं अंडं निघालं. खाली लपवलेलं, मला दिसू नये म्हणून. मी ते उचललं, धूळ झटकली, परत भाताखाली सारलं आणि तुला दिलं. तू रोज खात होतास आणि रोज माझ्याशेजारी बसून भात वरवर उकरून खायचास, ते अंडं मला दिसू नये म्हणून. तेव्हा लहान होतास, सोडून दिलं. पुढे मी सूतगिरणीत गेले आणि तू कॉलेजात गेलास, तेही सोडून दिलं. पण सूआने हात पुढे केला आणि तू भात उकरल्यासारखा माशाकडे बघत बसलास, तेव्हा मला तो चेहरा ओळखता आला. पन्नाशीला आलास तरी तोच चेहरा.

दुसऱ्या दिवशी मी डोंगर चढले. डॉक्टर जाता जाता एक वाक्य बोलला होता, की बाईंनी वजन आणि चरबी उतरवली तर पुन्हा तपासता येईल. तुम्हा कुणाला ते ऐकू आलं नाही, कारण ताईकडून तशी अपेक्षाच कुणाची नव्हती. पहिल्या दिवशी काकडीवाल्यांच्या अर्ध्या वाटेपर्यंतसुद्धा पोचले नाही. वांती झाली. खाली उतरले, दुकान उघडलं, भज्यांची परात समोर आली आणि दिवसभर नुसत्या वासाने जीव कासावीस. इथल्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ पोरीने काय खायचं ते सांगितलं, त्यात रोज उकडलेली अंडी. मला हसूच फुटलं. ती बिचारी गोंधळली, “काकू, अंडं आवडत नाही का?” म्हटलं, “आवडतं गं, सवय नाही.” आता रोज खाते, भाताच्या वर ठेवून, दुकानाच्या दारात बसून. सोजूचा घोट नाही, तळण नाही, उरलेलं खाणं नाही. फार दिवस राग पुरला. पाऊस असला की अंथरुणात तुझा तो चेहरा आठवायचा आणि उठायचं. मग कधीतरी अशी सकाळ आली की मी वर पोचले, खाली शहर दिसलं आणि तुझी आठवणच झालेली नव्हती. नुसती चालले होते. बांगबाईने काकडी पुढे केली, ती घेतली आणि खाल्ली. चांगली होती. हे कुणाला सांगू नकोस.

मधे सूआ येऊन गेली. तुम्हाला सांगून आली नव्हती. दुकानात बसली, मी समोर ठेवलेलं सगळं खाल्लं, आणि बोटाने टेबलावर रेघा ओढत विचारलं, “आत्या, तुझं अपेंडिक्सचं झालं होतं ना? खूप दुखतं का गं?” मी म्हटलं, “दुखतं.” खोटं कशाला बोलू? मग म्हणाली, “मी घाबरत नाही. फक्त बाबा एकदाही म्हणाले नाहीत की नको देऊस. म्हणाले असते तरी मी दिलंच असतं. पण म्हणाले नाहीत.” मग डोळे पुसले आणि किम्चीचं गाठोडं घेऊन बस पकडली. तुझ्या मुलीला तुझ्याकडून हवी असलेली ही एवढीच एक गोष्ट आहे, आणि तीही तुझ्याकडे नाही, माझ्याकडे येऊन मागितली.

आता कशासाठी लिहिलं ते. गेल्या आठवड्यात मी तुझ्याच हॉस्पिटलात येऊन गेले, दोन मजले खाली. तुला भेटले नाही. पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या. यकृत चांगलं आहे. डॉक्टरने चित्र दोनदा बघितलं आणि विचारलं, ह्या त्याच बाई का. मग एक तरुण मुलगी समोर बसली. देणारा आपल्या इच्छेने देतोय ना, हे तिला विचारावं लागतं. “भावाला का देताय?” मी म्हटलं, “तो मला आवडत नाही.” तिचं पेन थांबलं. बिचारी म्हणाली, “काकू, असं लिहिता येत नाही हो.” मग म्हटलं, लिही, भाऊ आहे. तर तेगन, मी देतेय. सूआला नाही देऊ देणार. घरी कळवायचं शुक्रवारपर्यंत थांबवा, असं मी हॉस्पिटलवाल्यांना सांगितलंय, आणि ते थांबलेत. तेवढे दिवस तुझे. सूआ उद्या संध्याकाळी तुझ्याजवळ येईल, तेव्हा मिग्यंगला बाहेर पाठव आणि तिला सांग की तुला तिचं नको. माझं नाव काढू नकोस. मेलो तरी चालेल पण तुझ्या पोटाला हात लावू देणार नाही, असं सांग. ती रडेल, भांडेल, तरी नको म्हण. साहेबाला नाही म्हणता आलं नाही तुला, आईला नाही, मला कधी नाही. तिला म्हण. शुक्रवारी डॉक्टर सांगतील की आत्याचं चालतंय, पण तिच्या बापाने ते माहीत नसताना नको म्हटलं होतं, हे तिच्याजवळ जन्मभर राहील. खोटं आहे, मला माहीत आहे, तुला माहीत आहे. तिला कधी कळता कामा नये. पत्र वाचून झालं की फाडून टाक, आणि मी शुक्रवारी येईन तेव्हा माझे आभार मानू नकोस, नाहीतर उठून परत जाईन.

तुला ओळखून असलेली,
तुझीच ताई,
ह्येरान